राणाचा पगार

राणा आमच्या घरी आला तो एकटा आला नाही. त्याच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक आली. ट्रंकेत त्याचा कातडी पट्टा होता, अंग घासायचा ब्रश होता, जेवणाची खोलगट थाळी होती, टोचलेल्या लसींचे कार्ड होते, आणि दातांनी कुरतडून निम्मा सोललेला एक टेनिसचा चेंडू होता. माझे वडील नोकरीतून मोकळे झाले तेव्हा त्यांनीही साधारण एवढेच सामान घरी आणले होते. फरक इतकाच, की चेंडूच्या जागी छत्री होती.

ही गोष्ट २०१८ सालची. अनंत चतुर्दशी होऊन चार-सहा दिवस झाले होते. माझ्या बायकोचा मावसभाऊ पोलिसांत हवालदार आहे. एका जिल्ह्याच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात तो श्वान-हस्तक होता. म्हणजे कुत्र्याला सांभाळायचे, शिकवायचे आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचे, ही त्याची नोकरी. राणा हा त्याचा लॅब्रॅडॉर कुत्रा. आठ वर्षे दोघे बरोबर हिंडले. मंत्र्यांची सभा असो, गणपतीचा मंडप असो, नाहीतर स्टेशनवर कुणीतरी विसरून गेलेला जेवणाचा डबा असो. आधी राणा पुढे जायचा आणि त्याच्यामागून माणसे. आता राणाने नवव्या वर्षात पाय टाकला होता. त्याच्या निवृत्तीचा कागद निघाला होता, आणि मेव्हण्याच्या हाती शिकवायला नवे पिल्लूही आले होते. त्याची पोलीस-वसाहतीतली जागा दोन खोल्यांची, तीही तिसऱ्या मजल्यावर.

“भावोजी, तुमच्याकडे अंगण आहे,” एवढेच तो फोनवर म्हणाला होता.

अंगण आहे ही गोष्ट खरी. डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गंजाड ओलांडले की आमचे रानशेत लागते. रस्ता सोडून थोडे आत गेले, की भातशेतीच्या कडेला आमचे घर आहे. पुढे सारवलेले अंगण, मागे चिकूची चार झाडे. कन्या त्या वेळी दहा वर्षांची होती आणि पोलिसाचा कुत्रा घरी येणार म्हणून तिने आठवडाभर शाळेत कुणाला अभ्यास करू दिला नव्हता. बायकोने “भावाचा कुत्रा आहे, नाही कसं म्हणायचं” असे म्हणून टाकले. प्रश्न आईचा होता. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “देवघराकडे येणार नाही ना तो?” मी नाही म्हटले. पुढच्या तीन वर्षांत मी आईला दिलेला हा एकच शब्द असा, की जो पहिल्याच आठवड्यात मोडला.

मेव्हणा टेम्पोतून उतरला. राणाला अंगणाच्या मध्यावर बसवले, दोन शब्द हळू आवाजात बोलला, चहा अर्धा टाकला आणि निघाला. निघताना त्याने मागे पाहिले नाही. राणा बसल्या जागी टेम्पोच्या धुळीकडे पाहत राहिला.

तो पाहतच राहिला. संध्याकाळ झाली, दिवे लागले, तरी तो जागचा हलेना. कन्येने पाणी नेले, त्याने तोंड लावले नाही. आईने—हो, आईनेच—दूधभात कालवून पाठवला, तो तसाच मुंग्यांच्या स्वाधीन झाला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आले. “मुक्या जिवाला किती माया असते बघा,” ती म्हणाली. मलाही भरून आले. मी कादंबऱ्या लिहितो. धन्यावाचून झुरणारा कुत्रा म्हटल्यावर माझे मन चार प्रकरणे पुढे धावले. रात्री नऊच्या सुमारास मेव्हण्याचा फोन आला. मी जड आवाजात सगळे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “भावोजी, माझं चुकलं. मी त्याला ‘स्टे’ सांगून आलो. त्याला ‘फ्री’ म्हणा.”

मी अंगणात गेलो आणि कुणी ऐकत नाहीसे पाहून म्हणालो, “फ्री!”

राणा उठला. अंग झाडले. चिकूच्या झाडाशी जाऊन बराच वेळ पाय वर करून उभा राहिला. मग आला आणि मुंग्यांसकट दूधभात चाटून मोकळा झाला. ते शोक करणे नव्हते, ती ड्यूटी होती. आमच्या घरातल्या कुणालाही ती भाषा येत नव्हती.

ती येत नव्हती म्हणून पुढे जे झाले ते झाले. पण त्याआधी या जातीच्या कुत्र्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण मलाही ते नंतरच कळले.

पोलिसांतला प्रत्येक कुत्रा चोराच्या मागे धावतो, असा आपला सिनेमावरून झालेला समज असतो. माग काढणारी कुत्री निराळी, अमली पदार्थ हुंगणारी निराळी आणि स्फोटके हुंगणारी निराळी. स्फोटकांचा कुत्रा भुंकत नाही, पंजाने उकरत नाही. वास लागला, की तो त्या वस्तूसमोर गुपचूप बसतो. बसतो आणि आपल्या माणसाकडे पाहतो. स्फोटकाला धक्का लागू नये म्हणून ही रीत. आणि गंमत अशी, की बॉम्ब म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला मुळीच ठाऊक नसते. लहानपणी त्याचा चेंडू त्या वासाजवळ लपवतात. तो वास सापडला की चेंडू मिळतो, एवढेच गणित त्याच्या डोक्यात पक्के बसते. आपण त्याला देशसेवा म्हणतो. तो जन्मभर चेंडू शोधत असतो.

याच गणितावर १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर ‘झंजीर’ नावाच्या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले. २००० सालच्या नोव्हेंबरात हाडाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली आणि वरिष्ठांनी त्याच्या कलेवरावर फुले वाहिली. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे राबले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांनी टाकलेल्या पिशवीतले हातगोळे सीझरने हुडकले. त्या चौघांची नोकरी संपल्यावर विरारच्या एका प्राणिप्रेमी बाईंनी त्यांना आपल्या शेतघरी नेले. विरार म्हणजे आमच्याच पालघर जिल्ह्यातले, डहाणू लोकलच्या वाटेवरचे. २०१६ साली तिथे ते एकामागून एक गेले. सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात. सोबती गेल्यावर तो उदास राहू लागला होता असे तेव्हा वर्तमानपत्रांतून आले होते.

आणि हे भाग्यवंत. सैन्यात तर काम संपलेल्या कुत्र्याला औषध देऊन कायमचे झोपवण्याची रीत होती. २०१५ साली ही गोष्ट माहितीच्या अधिकारात बाहेर आली, लोक हळहळले, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्यानंतर निवृत्त कुत्री घरोघर दत्तक देण्याचा प्रघात पडला. मी हे वाचले तेव्हा राणा माझ्या खुर्चीखाली घोरत होता. मी पाय जरा सावरून घेतले.

पण हे सारे पुढचे. पहिल्या महिन्यात आम्ही राणाला पाळीव करायच्या उद्योगाला लागलो होतो. कन्येने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. त्याने ती एखाद्या पुढाऱ्यासारखी घालून घेतली. चालताना तो माझ्या डाव्या पायाला चिकटून चाले. मी थांबलो की थांबे. एस.टी.च्या थांब्यावर उभ्या माणसांच्या पिशव्या मात्र तो एकेक करून तपाशी. आमच्याकडे तलाठी आले होते, त्यांची कागदांची पिशवी त्याने इतक्या बारकाईने हुंगली, की ते पुन्हा आले नाहीत. गावात त्याचे नाव ‘राणाशेठ’ पडले. पाड्यावरचा एक म्हातारा वारली शेजारी त्याला पाहायला मुद्दाम आला.

“शिकारीला येल का?” त्याने विचारले.

“नाही.”

“राखण करतो?”

“भुंकतच नाही.”

“मंग खातो किती?”

मी आकडा सांगितला. म्हातारा बराच वेळ राणाकडे पाहत राहिला. त्याच्या नजरेत आदर होता, की माझ्याबद्दलची कीव, ते मला आजही सांगता यायचे नाही.

दसऱ्याच्या सुमारास राणा मलूल दिसू लागला. खाणे कमी झाले. भिंतीकडे तोंड करून पडे. डहाणूला नेऊन डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तपासले आणि दुखणे काही नाही म्हणाले. आईने मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. बायको म्हणाली, “आराम करतोय, करू द्या. आयुष्यभर दमलाय.” आम्ही त्याच्यासाठी जुन्या गोधडीची गादी शिवली, उन्हात टाकली, त्याला थोपटले, कुरवाळले. आमच्या परीने आम्ही त्याला पेन्शन दिले. तो थोपटून घेई आणि मग, सगळे झाले ना, अशा चेहऱ्याने पुन्हा भिंतीकडे वळे. चेंडू ट्रंकेत होता. ट्रंक माळ्यावर होती.

मग दिवाळी आली.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी डहाणूहून फटाक्यांची पिशवी आणली. लवंगीच्या माळा, फुलबाज्या, दोन भुईनळे, चार चक्र. मास्तरच्या खिशाला झेपेल इतकेच. कन्येच्या हाती आधी लागू नये म्हणून ती माजघरात भाताच्या कणगीमागे सरकवली. त्याच कणगीवर फराळाचे डबे होते. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी आईची हाक आली, “अरे, ह्याला आवर! चकल्यांवर बसलाय!”

राणा कणगीसमोर बसला होता. ताठ. नाक कणगीच्या फटीकडे, मग मान वळवून माझ्याकडे, पुन्हा फटीकडे. महिन्याभरात त्याच्या डोळ्यांत असे तेज मी पाहिले नव्हते. मला वाटले, चकलीचा वास लागला. मी “चल ऊठ” म्हटले. तो उठला नाही. पट्ट्याला धरून ओढत ओटीवर नेला आणि बांधला. घटकाभराने सोडला, तर पुन्हा जाऊन त्याच जागी बसला. तसाच. माझ्याकडे पाहत. पुन्हा ओढून आणला. तिसऱ्या वेळी आई पणत्यांचे ताट घेऊन येत होती, तिला तो आडवा आला, तेल सांडले, ती घसरता घसरता वाचली. मी हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या तोंडावर दोन फटके दिले.

लागले नसेल. कागदाने काय लागते? पण राणाने जे केले ते मी विसरलो नाही. तो दबला नाही, पळाला नाही. त्याने एकदा कणगीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, मग उठला आणि आपण होऊन भिंतीशी जाऊन पडला.

नरकचतुर्दशीला पहाटे शेजारपाजारी फटाके वाजू लागले. राणाने कानही हलवला नाही. आवाजाला न बिचकण्याचीच त्याची शिकवण. पण तो उठलाही नाही. लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला. थाळीला तोंड लावले न लावलेसे करी. कन्येने चार फुलबाज्या पेटवल्या आणि पिशवी जागच्या जागी नेऊन ठेवली. “राणाला बरं नाही,” ती म्हणाली. घरात दिवाळी होती आणि नव्हती.

भाऊबीजेला मेव्हणा आला. राणा शेपूट हलवीत उठला, त्याच्या मांडीला डोके घासून पुन्हा जागेवर गेला. मेव्हण्याने त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला. “काय झालं?” त्याने विचारले. आवाज पोलिसाचा होता. मी सांगितले, फटक्यांसकट सांगितले. लपवण्यात अर्थ नव्हता, कन्या समोरच उभी होती.

“कणगीत काय होतं, भावोजी?”

“चकल्या, लाडू...”

“आणि?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. “मागे फटाके होते,” मी म्हणालो.

तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “सोरा आणि गंधक. त्याला जन्मभर आम्ही हेच शिकवलं. घरात शिरल्यापासून पहिल्यांदा त्याला काम मिळालं. त्याने बिनचूक केलं, तीन-तीनदा करून दाखवलं. तुम्ही पगार दिला नाहीत. वर मारलंत.”

कुणी काही बोलेना. बायकोने ओवाळायचे ताट तयार केले होते, त्यातले निरांजन तसेच जळत होते. मेव्हणा उठला. “ताई, राग मानू नकोस. मी ह्याला घेऊन जातो. तिसऱ्या मजल्यावर तर तिसऱ्या मजल्यावर.” कन्येने ओठ घट्ट मिटले. माझ्याकडे बोलायला तोंड नव्हते. आणि खरे सांगायचे तर तो म्हणत होता ते मला न्यायाचे वाटत होते.

आई देवघराच्या उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “भाऊबीजेला आलेल्या माणसानं ओवाळणी घालायची असते बाबा, घरातलं माणूस उचलून न्यायचं नसतं. आम्हाला येत नाही, तर शिकव. हा मास्तर पोरांना शिकवतो, स्वतः शिकायला काय झालं?”

मेव्हण्याने माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली.

त्याने लवंगीची एक माळ फडक्यात बांधली, भोके पाडलेल्या पत्र्याच्या डबीत घातली, आणि आम्हां सगळ्यांना अंगणात पाठवून ती कुठेतरी लपवली. राणाला पट्टा चढवला. पट्टा चढताक्षणी कुत्रा बदलला. पाठ सरळ झाली, शेपूट स्थिर झाले. “सर्च!” ओटी झाली, पडवी झाली, माझ्या पुस्तकांचे कपाट झाले, नाक जमिनीलगत, श्वास भात्यासारखा. पडवीतल्या नांगराच्या जुन्या फाळाशी येऊन तो गर्रकन वळला आणि बसला. मान वळवून पाहिले. मेव्हण्याच्या खांद्यावरून तो चेंडू उडाला, आणि ते नऊ वर्षांचे, पांढऱ्या मिशांचे जनावर लहान पोरासारखे हवेत झेपावले. चेंडू तोंडात धरून त्याने अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. तुळशीवृंदावनाला धडक दिली. आई म्हणाली, “मारू दे.”

मेव्हणा पाठ फिरवून पँटची धूळ झटकीत होता. पँटला धूळ मुळीच नव्हती.

जेवताना राणाने थाळी साफ केली. मेव्हण्याने मला धडे दिले: रोज एकदा, ठरल्या वेळी. डबी प्रत्येक वेळी निराळ्या जागी. सापडली की त्याच क्षणी चेंडू, उशीर नको. आणि एखाद्या दिवशी त्याला सापडलीच नाही, तर सोप्या जागी ठेवून सापडू द्यायची. हरून झोपवायचे नाही. हा शेवटचा नियम मी माझ्या वर्गातही पुढे लावला. उरलेले फटाके कन्येने राणाच्या शाळेला देऊन टाकले. डबीतली माळ वास उतरला की ती बदली. त्या साली आमच्या घरी एकही लवंगी वाजली नाही, पण पिशवी अशी सत्कारणी कधी लागली नव्हती.

भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरपासून, डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. दुंदलवाडीच्या बाजूला धक्के सुरू झाले ते थांबेनात. धक्क्याआधी, धक्क्याबरोबर जमिनीच्या पोटातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येई. लोक भर थंडीत घराबाहेर झोपू लागले, मग सरकारने तंबू दिले, मुलांचे वर्ग बाहेर मांडवात भरू लागले. पुष्कळांनी मला विचारले, की तुमच्या राणाला आधी कळत असेल, नाही? खरे सांगतो, त्याला काहीएक कळत नसे. आवाज झाला की आम्ही सगळे दचकून उठून बसायचो आणि राणा कूस बदलून घोरायचा. पण त्याचाही उपयोग झाला. १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात पाठोपाठ धक्के बसले. दुपारचा मोठा धक्का ४ रिश्टरच्या वरचा होता. आमच्या पाड्यावरची लहान पोरे रडत अंगणात जमली. राणा मधोमध पाय पसरून पडला होता. एक पोरगी जाऊन त्याच्या पोटाला टेकून बसली, मग दुसरी, मग सात-आठ जण. जमीन पुन्हा गुरगुरली. पोरांनी राणाकडे पाहिले. राणाने जांभई दिली. पोरे हसली. त्या रात्री तंबूत त्याच्या शेजारच्या जागेसाठी भांडणे झाली. राणाशेठ खातो किती, हे त्यानंतर कुणी विचारले नाही.

पुढची दोन वर्षे आमचा नेम चुकला नाही. शाळा सुटली की चहा, चहा झाला की सर्च. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा तर दिवसातून दोनदा. हळूहळू त्याचे मागचे पाय ओढू लागले. डोळ्यांत सारा आला. मग नाकही मंद झाले. डबी फाळामागून पाटाखाली आली, पाटाखालून उंबऱ्यापाशी आली. शेवटी शेवटी कन्या ती त्याच्यापासून दोन हातांवर ठेवी. तो तेवढ्यातही शिस्तीने उजवी-डावी बाजू हुंगून जाई आणि मोठ्या मिनतवारीने बसे. चेंडूही मग उडवायचा नाही, तोंडाजवळ धरायचा.

२०२१ च्या जानेवारीत एका सकाळी तो उठलाच नाही. मी मेव्हण्याला फोन केला. त्याच्याकडे मागे दुसऱ्या कुत्र्याच्या साखळीचा आवाज येत होता.

“शेवटचं सर्च कधी केलंत?” त्याने विचारले.

“परवा. काल मी डहाणूला गेलो होतो, उशीर झाला. पण आई म्हणते, तो ठरल्या वेळी रांगत रांगत देवघराशी गेला. डबी तिथे कोनाड्यात ठेवलेली असते. तिथे जाऊन बसला.”

“मग?”

“मग तिने चेंडू दिला.”

“लगेच दिला?”

“लगेच. पूजा अर्धी टाकून.”

“बरं,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने त्याने फोन ठेवला.